झापांच्या टपाची गाडी

गिरण्यांचा मोठा संप झाला त्या सालच्या भादव्यात धर्माजीनं बापाच्या बैलगाडीवर टप चढवला, तेव्हा अख्खं वेळशेत गाव बघायला जमलं. बांबूच्या कामट्या वाकवून कमान केली, तिच्यावर नारळीची झापं शिवली, झापांवर गोणपाट. आत पेंढा, पेंढ्यावर घोंगडी. पाठीमागं मातीची शेगडी, एक टोप, तवा, तांदळाचं पीठ, सुकट, मिरच्या. घरच की ते. फक्त चाकांवरचं.

लोकांनी हसून घेतलं. एकानं विचारलं, धर्मा, तुळस कुठं लावणार? दुसरा म्हणाला, उंबराच नाही तर सासूनं भांडायला बसायचं कुठं? धर्मा आपला दात काढत झापं शिवत होता. त्यानं मुंबईत एका गोऱ्या साहेबाची मोटार बघितली होती. मोटारीच्या पाठी छोटंसं घर बांधलेलं, घराला खिडकी, खिडकीला फुलांचा पडदा. साहेब आणि मडम त्यातच झोपतात, त्यातच जेवतात आणि दर्याकाठानं हिंडतात, असं त्याला तिथल्या भय्यानं सांगितलं. तेव्हापासून ते त्याच्या टाळक्यात बसलं होतं.

त्याची आई आवडाबाई कपाळाला हात लावून बसली. भादव्यात बैलांना जरा दम मिळतो, तर हा त्यांना चिखलात घालायला निघाला. पण धर्मानं देवाचं नाव काढलं. लग्न झाल्यावर जोडीनं हरिहरेश्वराच्या पाया पडून यायचं असतं, आणि ह्यांचं ते राहूनच गेलेलं. देव मधे आल्यावर म्हातारी काय बोलणार? गाडी आगरदांड्यापर्यंत न्यायची, तिथं कुणाच्या पडवीत सोडायची, तरीनं खाडी ओलांडून दिघीला उतरायचं आणि पुढं पायी, असं ठरलं.

जनी काहीच बोलली नाही. आता जनी बोलत नाही म्हणजे काय, हे ओळखायला हवं होतं कुणीतरी.

जनी म्हणजे धर्माची बायको. अंगानं काटकुळी, डोळ्यानं तिखट, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर कायमचा बिऱ्हाड करून. लग्न झाल्यापासून नवरा मुंबईच्या गिरणीत, शिमग्याला यायचा आणि गणपतीला यायचा. बाकी वर्षभर ही सासूच्या हाताखाली, लावणीला चिखलात, कापणीला उन्हात. दरवेळी ती म्हणायची, मला मुंबईला न्या. दरवेळी तो म्हणायचा, जागा नाही. एका गाळ्यात ढीगभर बाप्ये, पाळीपाळीनं झोपतात, खानावळीत जेवतात, तिथं तुला कुठं ठेवू?

पण ह्या गणपतीला तिनं एक गोष्ट हेरली होती. धर्मा आला तो ट्रंक घेऊन आला. नुसती ट्रंक नव्हे, वळकटी आणली, पितळी लोटा आणला, दाढीचा आरसासुद्धा आणला. जनीनं हिशेब लावला. माणूस गाळ्यातलं सगळं सामान कधी उचलतो? दुसरीकडं खोली घेतो तेव्हा. आईसमोर बोलायची चोरी म्हणून गप्प बसलाय, एवढंच. आणि ही गाडीची टूम कशाला, तर आपल्याला एकटीला गाठून सांगायला. मग तिनं विहिरीवर सगळ्या बायांना सांगून टाकलं, मी चालले मुंबईला. सांगितलं म्हणजे सांगितलं. आता फक्त धर्माच्या तोंडून ‘चल’ एवढा एक शब्द काढायचा होता. तो निघेपर्यंत ह्या गाडीतून उतरायचं नाही, असं तिनं ठरवलं.

साळावपर्यंत ऊन होतं. कोर्लईच्या पुढं आभाळ भरून आलं, आणि डावीकडच्या डोंगरावरनं पाऊस जो उतरला तो उतरलाच. रस्ता म्हणजे लाल रबडी. पवळ्या आणि बांड्या, दोन्ही बैल शेतातले, त्यांना चिखलाचं काही वाटत नव्हतं. पण बांड्यानं दर्या कधी बघितला नव्हता. लाट फुटली की तो दचकायचा आणि गाडी डोंगराच्या अंगाला ओढायचा. धर्मा पुढं बसून त्याला शिव्या घालत होता आणि मधेच पाठी वळून जनीला सांगत होता, तो बघ कोर्लईचा किल्ला. जनीला किल्ला दिसत नव्हता. सगळं पांढरं. तिला दिसत होती टपातली गळती. झापं शिवताना धर्मानं ती उलटी घातली होती, मुळाची बाजू खाली. पाणी बाहेर वाहायच्या ऐवजी पात्यापात्यावरनं आत येत होतं, पीठ होतं नेमकं तिथं.

तिनं पीठ मांडीवर घेतलं, डोक्यावर तवा धरला आणि विचारलं की साहेबाच्या गाडीतपण मडम तवा घेऊनच बसते का. धर्मा हसला. तीपण हसली, खोटं कशाला बोला. घरात ती त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती. घरात बोलायचं तर दाराआडून, तेही ताटात काय वाढू एवढंच.

काशीदला पोचले तर पाऊस थांबला, वारा तेवढा चालू. केवड्याच्या बनाच्या आडोशाला गाडी लावली, बैल सोडले. जनीनं पेंढ्याखालची कोरडी काटकी शोधून शेगडी पेटवली, सुकटीचं कालवण केलं आणि भिजलेल्या पिठाच्या वेड्यावाकड्या भाकऱ्या थापल्या. दोघं एकाच ताटात जेवले. आधी दोघांनाही अवघडल्यासारखं झालं, मग भूक लागली होती म्हणून गेलं ते. समोर दर्या गढूळ, तांबूस, फेसानं भरलेला. धर्मा म्हणाला, उन्हाळ्यात इथं पाणी निळंभोर असतं. जनी म्हणाली, असेल.

जेवून झाल्यावर तिनं हातानं गाडी मोजली. रुंदीला दोन हात आणि वर वीतभर. लांबीला त्याच्या दुपटीहून थोडी जास्त. त्यात दोन माणसं, चूल, भांडी, पीठ, सगळं मावलं होतं. मग तिनं सरळ विचारलं, मुंबईतली खोली ह्याच्याहून मोठी असते की लहान?

धर्मानं ताट विसळायला घेतलं. बाप्या माणूस आपणहून ताट विसळतो म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे जनीला कळलं. पण कुठं ते तिनं चुकीचं धरलं. तिला वाटलं, लाजतोय. तिनं परत विचारलं. तो म्हणाला, मोठी असते. मग म्हणाला, बांड्याचा खूर बघून येतो. आणि जो गेला तो दिवेलागणीला आला.

दुसऱ्या दिवशी तसंच. नांदगावच्या ओढ्यात चाक रुतलं, दोघांनी खांदा लावून काढलं. जनीच्या लुगड्याचा काष्टा चिखलानं इतका जड झाला की तिला चालता येईना, आणि त्या रागात तिनं धर्माला, बैलांना, साहेबाला आणि साहेबाच्या मडमेला एका दमात धुऊन काढलं. धर्मानं ऐकून घेतलं. मुरुडमधून जाताना बाजाराची पडवी भरलेली, लोक पावसाकडं बघत बसलेले. ही टपाची गाडी बघून एक पोरगा ओरडला, नाटक कंपनी आली रे. धर्मानं मान खाली घातली. जनीनं त्या पोराकडं असं बघितलं की तो दुकानात शिरला.

आगरदांड्याला धक्क्यावर माणसांची ही गर्दी. वारा समोरून, खाडीत पांढऱ्या लाटा, पलीकडची दिघी दिसेचना. तरीची होडी बंद. तांडेल आपल्या होडीत सुकाणूला टेकून विडी ओढत होता. त्यानं सांगितलं की वारा पडल्याशिवाय तो होडी सोडणार नाही, मग हरिहरेश्वर स्वतः येऊन बसला तरी. कोण लग्नाला निघालेलं, कोण माहेराहून परत चाललेलं, सगळे टोपल्या-बोचकी घेऊन भिजत उभे. मुरुडची सर्व्हिस मोटार पावसाळ्यात बंद असते, ती दसऱ्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे पुढं जाता येत नाही आणि परतायचं तर चिखलातनं चालत.

धर्मा म्हणाला, आता काय करायचं, माघारी वळू. देव कुठं पळून जात नाही.

तेव्हा जनीनं ठरवलं की बास झालं. तांडेलानं बोलता बोलता सांगितलं होतं की पुनव झाली की मुंबईची पहिली आगबोट लागेल. तिनं ते ऐकून ठेवलेलं. ती गाडीच्या तोंडाशी येऊन बसली आणि म्हणाली, “मी माघारी यायची न्हाय. गाडी कुणाच्या तरी हाती घरी धाडा. पुनवेपत्तुर मुरुडला कुठंबी राहू, आगबोट लागली का दोघं मुंबईला जाऊ. खोली घेतलीत ना तुमी? मला ठावं हाय.”

“कसली खोली?”

“ट्रंक आणलीत, वळकटी आणलीत, आरसा आणलात. मला काय डोळे न्हाईत?”

धर्मा बैलाच्या शेपटीकडं बघत राहिला. पाऊस परत लागला होता, त्याच्या नाकावरनं पाणी गळत होतं, तेही त्यानं पुसलं नाही.

“गिरणीनं काढलंय मला,” तो म्हणाला. “संपात होतो म्हणून. गाळ्यातल्यांनी म्होरं दोन महिने सांभाळलं, मग त्यांनाबी जड झालं. खोली न्हाय. गाळाबी न्हाय. मुंबईच न्हाय आता.”

जनीला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि पहिलं काय डोळ्यापुढं आलं तर विहिरीवरच्या बाया. मग सासू. मग सगळं एकदम. लावणी, कापणी, दाराआडून ताट वाढणं. नोकरी गेली ह्याचा तिला राग नव्हता, हे तिला तेव्हाच कळलं. अर्ध्या मुंबईची गेली होती. पण हा माणूस घरी आल्या दिवसापासून गप्प होता. ती रोज मुंबई मुंबई करत होती आणि हा रोज ऐकत होता. लोक विचारतील, कधी परत जाणार, म्हणून हा गाडीवर टप चढवून पळाला. आणि तिला वाटलं, आपल्यासाठी.

तिनं गाडीतनं खाली उडी मारली, लुगडं वर खोचलं आणि मुरुडच्या रस्त्यानं पावसात चालायला लागली.

धर्मानं गाडी वळवली. तेवढ्यात धक्क्यावरच्या लोकांनी बघितलं की टपाची गाडी मुरुडकडं चाललीय. मग काय! विचारायच्या आधीच एक जाडजूड कोळीण टोपलीसकट पाठीमागनं चढली. तिचं नाव चंद्राबाई, मुरुडच्या कोळीवाड्यातली. दिघीला सुकी मासळी विकायला निघालेली, ती तिथंच अडकली. तिच्या पाठी हाजराबी म्हणून एक म्हातारी, गुडघे धरून. मग आणखी दोघंतिघं. टप हलला, झापं करकरली. धर्मा नको म्हणेना. त्याचं सगळं लक्ष पुढं पावसात चाललेल्या लाल लुगड्यावर.

गाडी तिच्यापाशी पोचली तशी ती बाजूला सरकली, थांबली नाही. धर्मानं हाक मारली, जने. ती चालतेय. परत हाक मारली. ती जास्त भराभर चालायला लागली. गाडीत सगळ्यांनी माना बाहेर काढल्या.

चंद्राबाईनं विचारलं, कोण तुझी? धर्मा म्हणाला, बायको. चंद्राबाई म्हणाली, मग बरोबर हाय. आणि तिनं खाली वाकून जनीचा दंड धरला आणि टोपली उचलावी तसं तिला आत ओढलं. “भांडायचं ते कोरड्यात भांड गो,” ती म्हणाली. “मी पण ऐकते, वाट सरंल.”

आत जागा नव्हतीच. जनी सुक्या बोंबलांच्या टोपलीला टेकून बसली, एकीकडं हाजराबीचा गुडघा. वास असा की डोळ्यात पाणी यावं, त्यामुळं दुसऱ्या कशाचं पाणी आलं असेल तर ते कुणाला कळलं नसतं. हाजराबीनं काही विचारलं नाही. आपल्या ओढणीचं टोक पिळलं आणि तिच्या हातात दिलं, तोंड पुसायला.

चंद्राबाई मात्र विचारणारी होती. तिनं थोड्याच वेळात सगळं काढून घेतलं, कुठनं आलात, कशाला आलात, तो काय करत होता, आता काय करणार. मग तिनं आपलं सांगितलं. तिचा घरवाला गुणाजी, होडी त्याची, जाळं त्याचं, दर्या त्याचा. पण होडी वाळूला लागली की त्याचं राज्य संपलं. मासळी हिची, टोपली हिची, बाजार हिचा, कनवटीची पिशवी हिची. त्याला विडीला हवं असेल तर हात पुढं करतो. तो काय कमीपणा मानत नाही. आमच्यात असंच, ती म्हणाली. त्याला भाव करता येत नाही आणि मला वल्हं मारता येत नाही.

मुरुडच्या अलीकडं एकजण उतरला. धोतरवाला माणूस, हातात छत्री. त्यानं विचारलं, गाडीवाले, किती द्यायचं?

धर्मा एकदम कानकोंडा झाला. तो म्हणाला, छे, छे, असं काय, शेतकऱ्याची गाडी हाय, भाड्याची न्हाय. आता ह्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या गावात वाटेनं जाणाऱ्याला गाडीत घ्यायचं हा धर्म, आणि त्याचं कुणी देऊ केलं तर अपमान. भाड्यानं गाडी हाकणारा म्हणजे ज्याची शेती बुडाली तो. आवडाबाईनं ऐकलं असतं की तिच्या मुलानं बैलगाडीत माणसं बसवून हात पसरला, तर तिनं अंथरूण धरलं असतं.

पण जनी आतनं म्हणाली, “घ्या.”

धर्मानं पाठी वळून बघितलं.

“घ्या म्हणते ना. गिरणीत पगार घेत होता तवा लाज वाटली न्हाय. आन् आता पावसात चिखल तुडवलात, बैल दमवलेत, तवा लाज? पगार घ्यायला चालतो तर हे का चालत न्हाय?”

“आय काय म्हनंल?”

“आय हितं कुठं हाय? आय घरी हाय. हितं मी हाय.”

छत्रीवाला एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत पावसात उभा. धर्माचा हात पुढं होईना, शेवटी जनीनंच टपातनं हात बाहेर काढला. तिलाही सवय नव्हती. पण काढला.

मग ते सोपं झालं. हाजराबीला तिच्या आळीत दारापर्यंत सोडलं, गाडी वळायला जागा नव्हती तरी सोडलं. तिनं घरातनं दोन नारळ आणून दिले. ते जनीनं घेतले आणि म्हातारीच्या पायाला हात लावला. बाकीचे बाजारात उतरले. उतरताना एकजण विचारून गेला की वारा पडला तर सकाळी धक्क्यावर जाणार का, त्याच्या घरची माणसं दिघीहून येणार आहेत. धर्मा बघेन म्हणाला.

शेवटी राहिली चंद्राबाई. कोळीवाड्यात तिच्या घराला लागून जाळी ठेवायची पडवी होती. ती म्हणाली, गाडी तिथं लावा, बैलांना पेंढा नाही पण रानात गवत कमरेएवढं हाय. मोटार दसऱ्याला सुरू होईल, तोवर धक्क्यावरनं माणसं आणि माझी टोपली कोण आणणार? मी तर डोक्यावर वाहून मान मोडून घेतली. तुमी राहत असाल तर मी सगळ्या कोळणींना सांगते. नाही तर नाही. विचार करा, असं म्हणून ती घरात गेली.

धर्मानं बैल सोडले. बांड्या दर्याकडं बघत उभा राहिला, पण दचकला नाही. दमला असेल. जनी झापं उतरवायला लागली, कारण ती उलटी घातलेली झापं आणखी एक दिवस तिला बघवत नव्हती. पात्यांची टोकं खाली आणि मुळाची बाजू वर, अशी ती परत लावायची. धर्मा येऊन दुसऱ्या टोकाला उभा राहिला आणि सुतळी धरली. एकेक झाप दोघांनी उलटून परत शिवलं.

मग तो म्हणाला, “चणेऱ्याकडं, आपल्या गावच्या वाटेनं जाणारा कुणी भेटला तर घरी निरोप धाडाय पायजे.”

“काय म्हनून?”

“बैल खुशाल हायेत म्हनावं. भात कापाय येतो.”

“कोन येतो?”

“दोघं.”

“मग तसं सांगा. नुसतं येतो म्हनलात का आय मला आधी धाड म्हनतील, आन् तुमी धाडाल.”

“न्हाय धाडायचो.” तो थांबला. “तू हितंच ऱ्हा माझ्यासंगं. ह्या गाडीत व्हयना, पडवीत व्हयना.”

जनीनं सुतळीची गाठ मारली, ओढून बघितली, सैल वाटली म्हणून सोडून परत मारली.

“आन् गिरणीचं?” तिनं विचारलं.

“ते मी सांगंन. कापणीला गेलो का आयच्या तोंडावर सांगंन.”

“मी न्हाय सांगायची तुमच्यावतीनं. तुमचं तुमी.”

“व्हय.”

तिला अजून राग होता. तो इतक्यात जाणार नव्हता, दिवाळीपर्यंत तरी पुरेल असा होता. विहिरीवरच्या बायांना काय सांगायचं तेही अजून सुचलं नव्हतं. पण झापं आता बरोबर लागली होती आणि पीठ अर्धं तरी कोरडं होतं. पाऊस परत वाजायला लागला. तिनं शेगडी पडवीत ओढली आणि धर्माला चंद्राबाईकडं सुकी लाकडं मागायला पिटाळलं, आणि जाताना हेही सांगितलं की फुकट मागू नका, सकाळी तिची टोपली आपण गाडीतनं पोचवू, त्या बदल्यात म्हणून सांगा.